पीएच.डी. प्रकल्प शोधताना आणि अर्ज करताना या चुका टाळा

विज्ञान किंवा अभियांत्रिकीतील पीएच.डी.साठी केलेला अर्ज फेटाळला गेला की उमेदवार आपल्या गुणांकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात प्रकल्प नेमका कोणता, त्याला निधी कोठून मिळतो आणि निवडीचा निर्णय कोणाच्या हाती आहे, हे न तपासताच अर्ज पाठवलेला असतो.

पहिली चूक शोधाच्या सुरुवातीलाच होते. विद्यापीठांच्या क्रमवारीवरून यादी करण्याऐवजी आपल्या विषयातील गेल्या दोन-तीन वर्षांचे शोधनिबंध वाचावेत आणि त्यांच्या शेवटी असणारा आभाराचा मजकूर मुळीच वगळू नये, कारण संशोधनाला कोणत्या संस्थेने निधी दिला हे बहुधा तेथेच नोंदवलेले असते. अलीकडेच अनुदान मिळालेल्या गटात नव्या जागा निघण्याची शक्यता अधिक असते. संशोधनाच्या जागा जाहीर करणाऱ्या युरॅक्सेससारख्या युरोपीय संकेतस्थळांवरील जाहिराती पाहाव्यातच, परंतु केवळ त्यांवर विसंबून राहू नये.

दुसरी चूक म्हणजे सर्व देशांत प्रवेशाची पद्धत एकच आहे असे गृहीत धरणे. नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये पीएच.डी. ही बहुतांशी पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. अमेरिकेत अर्ज सहसा विभागाकडे डिसेंबरच्या सुमारास करावा लागतो व निवड समिती करते, त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाने उत्साह दाखवला म्हणजे प्रवेश ठरला असे होत नाही. ब्रिटनमधील जाहिरातीत निधी मंजूर आहे, स्पर्धेतून मिळणार आहे की खर्च स्वतःच करायचा आहे, हे शब्दन् शब्द वाचून पाहावे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी डॉक्टरल नेटवर्क या पीएच.डी.ला निधी देणाऱ्या योजनेत तर नेमणुकीपूर्वीच्या 36 महिन्यांत नेमणूक करणाऱ्या संस्थेच्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलेला उमेदवार साधारणपणे अपात्र ठरतो, मग तो कितीही हुशार असो.

सर्वाधिक नुकसान मात्र ईमेलमुळे होते. ‘आदरणीय सर, मला आपल्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे आहे’ असा एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला, तर त्याला उत्तर न येणे स्वाभाविक आहे. प्राध्यापकांच्या एका शोधनिबंधातील नेमका मुद्दा, त्यावर सुचलेला एक प्रश्न, त्याच्याशी जुळणारे आपले काम आणि जागा व निधी यांविषयी सरळ विचारणा, एवढेच दहा-बारा ओळींत लिहावे. सोबत सीव्ही आणि गुणपत्रक जोडावे. दोन आठवड्यांनी एकदा नम्र स्मरणपत्र पाठवणे योग्य, वारंवार पाठवणे अनुचित.

शिफारसपत्रासाठी नामवंत व्यक्तीपेक्षा आपले काम जवळून पाहिलेले शिक्षक निवडावेत आणि त्यांना किमान महिनाभर आधी कळवावे.

होकार देण्यापूर्वी त्या गटातील सध्याच्या विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा संकोच मुळीच करू नये. पदवी किती वर्षांत पूर्ण होते, मार्गदर्शक किती वेळा भेटतात, आधीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे त्यांच्याकडूनच कळते. माझ्या मते ही चौकशी विषयनिवडीइतकीच महत्त्वाची आहे.

प्रयत्न करूनही यश येत नसेल, तर गाडी कोणत्या टप्प्यावर अडते ते पाहावे. ईमेलला उत्तरच येत नसेल, तर मजकूर आणि गटांची निवड बदलावी. उत्तर येते पण मुलाखत होत नाही, तर पात्रतेच्या अटी, सीव्ही व शिफारसपत्रे तपासावीत. आणि मुलाखतीनंतर नकार येत असेल, तर आपल्या पदव्युत्तर प्रबंधातील प्रत्येक पद्धत का निवडली हे पाच मिनिटांत स्पष्टपणे सांगण्याचा सराव करावा.