सफरचंदाचा सिरका (व्हिनेगर) घरी करायचाय? नागपुरात असाल तर दिवाळीनंतर सुरू करा, एप्रिलमध्ये अजिबात नको

मी पहिल्यांदा हा उद्योग केला तो एप्रिलच्या शेवटी. सफरचंद महाग, बाहेर ४४ डिग्री, आणि मी व्हिडिओ बघून जोशात आलेलो. रस काढला, यीस्ट टाकलं, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि झाकण मस्त घट्ट लावून माळ्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना वरून फटाक्यासारखा आवाज आला, आई म्हणे "काय सडवून राहिला रे तू वर?" आणि मग पुढचे दोन दिवस मी माळा पुसत होतो. दुसऱ्या बाटलीचं झाकण सैल होतं म्हणून ती वाचली, पण तिला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास मारत होता. गरमीत यीस्ट वैतागलं की असे वास येतात.

नंतर कळलं की रेसिपी ठीकच होती, महिना चुकला होता. सिरका दोन टप्प्यात होतो आणि दोन्ही टप्प्यांना वेगवेगळं हवामान लागतं. आधी यीस्ट रसातल्या साखरेची दारू करतं, त्याला १८ ते २२ डिग्री आवडते आणि हवा नको असते. मग असेटोबॅक्टर नावाचे बॅक्टेरिया त्या दारूचं ॲसिड करतात, त्यांना २५ ते ३० डिग्री पाहिजे आणि हवा तर भरपूर पाहिजे. (हे जिवंत जंतूंचं काम आहे हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवलं, त्याआधी लोक नुसतेच पिंपं भरून वाट बघायचे.) आता नागपूरचं कॅलेंडर बघा, डिसेंबर-जानेवारीत घरात बरोब्बर यीस्टची थंडी, फेब्रुवारी ते होळी बॅक्टेरियाची ऊब, आणि मे उजाडायच्या आत बाटल्या भरून मोकळे. फ्रिज नको, हीटर नको, काही नको.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिल्या टप्प्यानंतर जे तयार होतं त्याला बाहेरच्या देशात हार्ड सायडर म्हणतात, तिकडे लोक ते घरी बनवून पितात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि लायसन्स नसताना पिण्यासाठी दारू बनवणं गुन्हा आहे, शेजारच्या वर्ध्यात तर अख्खा जिल्हाच ड्राय. त्यामुळे इथे ते बाटलीत भरून ठेवायचं नाही, प्यायचं नाही, बुडबुडे थांबले की त्याच दिवशी सिरक्याकडे वळवायचं. आणि उकळून वाफ धरायचे प्रयोग तर बिलकुल नाही.

सफरचंद कुठली घ्यायची

काश्मीर-हिमाचलचा माल ऑगस्टपासून येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या कळमना मार्केटला पेट्यांचे ढीग लागलेले असतात, तेव्हा भाव बरा असतो. चकचकीत फॉरेनची सफरचंद नको, महाग पडतात आणि वरून मेणाचा थर. लाल डिलिशियस गोड असतात, त्यात थोडी आंबट हिरवी मिसळली तर चव चांगली येते पण नाही मिळाली तरी अडत नाही, कारण सिरक्याला मुख्य काम साखरेचं. डाग पडलेला, दबलेला माल चालतो, ठेलेवाला तो कमी भावात देऊन टाकतो. पण बुरशी लागलेलं एकही नको, नुसता तेवढा भाग कापून बाकीचं घेऊ असंही नको, कारण बुरशीचं विष आतपर्यंत गेलेलं असू शकतं.

५ किलो घ्या. कोमट पाण्यात चोळून धुवा, बिया काढा, साल राहू द्या. फोडी मिक्सरमधून काढायच्या आणि मलमलच्या कापडात बांधून पिळायचं, अडीच ते तीन लिटर रस येतो आणि खांदे भरून येतात. चोथा गाईला घाला, ती खूष. ज्यूसर असेल तर काय, तुम्ही सुखी माणसं. पॅकेटचा ज्यूस वापरायचा असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा, आयएनएस २११ किंवा २०२ लिहिलेलं असेल तर ते प्रिझर्व्हेटिव्ह आहे, त्यात यीस्ट वाढणारच नाही आणि तुम्ही आठ दिवस बरणीकडे बघत बसाल.

व्हिडिओवाले सांगतात की साली आणि गाभे पाण्यात टाका, दोन चमचे साखर घाला, झालं. होतं काहीतरी, पण पांचट होतं. हिशोब सोपा आहे, लिटरमागे १०० ग्रॅम साखर असेल तर शेवटी साधारण ५ टक्के ॲसिड येतं. सफरचंदाच्या रसात तेवढी साखर मुळातच असते म्हणून वेगळी घालावी लागत नाही, पण सालीच्या पाण्यात दोन चमचे म्हणजे २५ ग्रॅम, तर ॲसिड एक टक्क्याच्या आसपास, त्यावर बुरशीच येणार. सालींचा करायचा असेल तर लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम साखर मोजून घाला.

संत्र्याचा काऊन नाही, असं इथे प्रत्येक जण विचारतोच. नोव्हेंबर-डिसेंबरला आंबिया बहाराची संत्री घरोघरी असतात, मोह होतो. पण सालीतलं तेल यीस्टला मारक असतं आणि पांढरा धागा रसात गेला की कडू होतं, म्हणून पहिली बॅच सफरचंदाचीच करा, हात बसला की मग संत्री.

पहिला टप्पा, थंडीतला

मोठी काचेची बरणी, गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेली. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांच्या जवळपासही जायचं नाही, ॲसिड धातू खातं. आजीची जुनी चिनी मातीची बरणी असेल तर तिचं ग्लेज, म्हणजे वरचा चकचकीत थर, कसलं आहे ते आपल्याला माहीत नसतं, तिच्यात लोणचंच बरं. बरणी पाऊण भरा, वर फेस येतो त्याला जागा पाहिजे.

यीस्ट साधं ड्राय यीस्ट, बेकरीचं सामान मिळतं तिथे पाकीट मिळतं. ३ लिटरला पाव चमचा पुरे, कोमट रसात दहा मिनिटं भिजवून टाकायचं. तोंडावर फुगा लावा आणि त्याला टाचणीने एक भोक पाडा, गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. भोक विसरू नका, माझा माळा आठवा.

दुसऱ्या दिवशी फुगा उभा राहतो, बरणीत बारीक बुडबुडे सुरू होतात आणि घरातला प्रत्येक माणूस येऊन कान लावून ऐकून जातो. जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर गेला की काम मंदावतं, तेव्हा बरणीला जुनी शाल गुंडाळून स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ ठेवायची. एक ते दोन आठवड्यात बुडबुडे थांबतात, तळाला गाळ बसतो. चमचाभर जिभेला लावून थुंकून टाका, गोडी लागली तर अजून थोडे दिवस, कारण उरलेली साखर पुढे त्रास देते. गोडी गेली की नळीने वरचं वरचं काढून घ्यायचं, गाळ टाकायचा.

दुसरा टप्पा, होळीपर्यंतचा

आता रुंद तोंडाची बरणी लागते, हवा जितकी मोठ्या पृष्ठभागाला लागेल तितकं बरं. दुकानातून सफरचंदाच्या सिरक्याची ती गढूळ बाटली आणा जिच्यावर मदर लिहिलेलं असतं, आणि ४ कपाला १ कप या हिशोबाने मिसळा. पांढरा सिंथेटिक व्हिनेगर इथे उपयोगाचा नाही, त्यात जिवंत काही नसतं.

तोंडावर सुती कापड दुपटी करून रबर लावा. जाळीचं कापड नको, चिलटं त्यातून आरामात घुसतात आणि सिरक्याचा वास त्यांना दोन गल्ल्यांपलीकडून येतो बहुतेक. बरणी अंधाऱ्या पण हवेशीर जागी ठेवा आणि मग हलवू नका, उघडून उघडून बघू नका. (मी बघतो. तुम्ही बघू नका.) दोन-तीन आठवड्यात वर सायीसारखा चकचकीत पडदा धरतो, तीच मदर, बॅक्टेरियांनी विणलेलं सेल्युलोज. किळस येते बघून पण ती चांगली खूण आहे. पांढरी, कोरडी, सुरकुतलेली पातळ पापडी आली तर ते जंगली यीस्ट, चमच्याने काढून टाका, चालतं. हिरवं, काळं, निळं किंवा लोकरीसारखं काही दिसलं तर सगळं ओतून द्या, जीव नका लावू.

होळीच्या आसपास कूलर लागायला सुरुवात होते, बरणी कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. माझी दुसरी बॅच तशीच गेली, ओली हवा आणि वर हिरवी टोपी.

झाला की नाही कसं कळणार

चार ते आठ आठवडे लागतात. वास तर लवकर येतो, वासावर जाऊ नका. आपल्या फूड सेफ्टीच्या नियमात व्हिनेगरला कमीत कमी ३.७५ टक्के ॲसिड लागतं. पीएचच्या पट्टीने हे कळत नाही, ती फक्त आंबट आहे एवढं सांगते, किती ते नाही.

मी पानठेल्यावरचा चुना वापरतो. एक चमचा चुना लिटरभर पाण्यात ढवळून झाकून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद काढून घ्यायची. लेबलवर ४ टक्के लिहिलेला पांढरा व्हिनेगर १ मिली सिरिंजने मोजून काचेच्या ग्लासात घ्या, चिमूटभर हळद टाका, आणि दुसऱ्या सिरिंजने निवळी मोजत मोजत घाला, ढवळत राहा. पिवळ्याचं लालसर झालं आणि ढवळूनही लाल राहिलं की थांबा. साधारण १५ मिली लागते. मग तसंच आपल्या १ मिली सिरक्याचं करा. मला पहिल्यांदा १२ मिली लागली, म्हणजे ४ गुणिले १२ भागिले १५, ३.२ टक्के, कच्चा. दोन आठवड्यांनी १७ लागली, साडेचार टक्के, झाला. दोन्ही वेळा बाजारच्या व्हिनेगरशी तुलना त्याच दिवशी, त्याच निवळीने करायची, कारण निवळी उघडी राहिली की हवेने कमजोर होते. चुन्याचा हात डोळ्याला लावू नका, आणि हे ग्लासातलं मोरीत ओता.

लोणच्यात टिकाऊ म्हणून वापरायचा असेल तर मी घरच्या सिरक्यावर भरवसा ठेवत नाही, तिथे बाजारचा. कांद्याला, सॅलडला, चटणीला घरचा. आणि सकाळी उपाशीपोटी पिणारे असाल तर पेलाभर पाण्यात एखादा चमचा टाकूनच प्या, नुसता प्यायलात तर दातांचं इनॅमल जातं.

बाटलीत भरणं

कापडातून गाळायचा आणि बाटली अगदी गळ्यापर्यंत भरायची. वर हवा राहिली तर बॅक्टेरिया थांबत नाहीत, दारू संपली की ते ॲसिडच खायला लागतात आणि दोन-तीन महिन्यात सिरका पाणचट होतो. पक्कं थांबवायचं असेल तर ६५ डिग्रीपर्यंत गरम करून भरा, मग मदर मरते. मी अर्धा गरम करतो, अर्धा तसाच ठेवतो. झाकण प्लास्टिकचं किंवा बूच, पत्र्याचं गंजतं. ताजा जरा झोंबतो, महिनाभर बाटलीत पडून राहिला की मऊ होतो.

मदरचा एक तुकडा कपभर सिरक्यात बुडवून छोट्या बरणीत झाकण लावून ठेवा, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, आमच्याकडे तो माठाच्या मागे असतो. पुढच्या डिसेंबरला दुकानातली बाटली आणावी लागणार नाही. शेजारच्या काकूंनी मागितली म्हणून मी त्यांना तुकडा नेऊन दिला तर त्यांनी झाकण उघडून बघितलं आणि आधी विचारलं, हे व्हेज आहे ना?