ग्रुप शो रचताना: नावं नंतर, प्रश्न आधी

ग्रुप शो, म्हणजे अनेक कलाकारांच्या कामांचं एकत्र प्रदर्शन, करायचा म्हटलं की पहिल्यांदा कलाकारांची यादी निघते. ती आठवडाभर बाजूला ठेवा आणि एक प्रश्न शोधा. 'पूर' हा नुसता विषय झाला. 'पाणी ओसरल्यावर घरात काय उरतं?' हा प्रश्न झाला. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या गोष्टी नदीकाठच्या पेठांमधल्या घरांत अजून सांगितल्या जातात. त्यामुळे पुण्यात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आम्ही याच प्रश्नावर शो केला, तेव्हा नदीघाटाचं एक फार सुंदर जलरंगचित्र आलं होतं. ते मी घेतलं नाही, कारण त्यात नदी होती, पण ओसरलेलं पाणी नव्हतं. असा नकार फोन करून, कारणासकट द्यावा. मेसेजवर देऊ नये.

कामं फोनवरच्या फोटोंवरून निवडू नका. स्टुडिओत जा, मग तो धायरीतल्या फ्लॅटचा हॉल का असेना. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं बघायला मागा. कलाकार जे दाखवायला कचरतो, तिथे बरेचदा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असतं. फ्रेमसकट माप, वजन, प्लग लागतो का, अंधार लागतो का, हे सगळं तिथेच वहीत उतरवा. मध्यम आकाराच्या दालनाला सहा-सात कलाकार पुरतात. प्रत्येकाची दोन-तीन कामं घ्या. एकेकच घेतलं की माणूस कळत नाही, नुसता नमुना दिसतो.

दालन बघायला प्रेक्षकांच्या वेळेला जा. बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातल्या कलादालनात नाटकाला आलेली माणसं प्रयोगाआधी दहा मिनिटं डोकावतात. त्यांना दारातूनच ओढून घेईल असं एक मोठं काम समोर हवं. बारीक एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर काढलेला छाप) आतल्या भिंतीवर लावा, थांबायला वेळ असलेला माणूस तिथवर पोचतो.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. पुठ्ठ्याचं दालन करा, १ मीटरला ५ सेंटीमीटर या प्रमाणात. खांब, दारं, स्विचबोर्डसुद्धा दाखवा. कामांचे त्याच मापाचे प्रिंट काढून टाचणीने लावा आणि हलवत राहा. फुगलेल्या लाकडी कपाटाचं काळंपांढरं एचिंग मोठ्या लाल कॅनव्हासशेजारी ठेवलं तर दिसेनासं होतं. तेच ओल धरलेल्या भिंतीच्या फोटोशेजारी गेलं की दोन्ही कामं बोलायला लागतात. दोन कामांमध्ये काय घडतं ते बघणं, हेच क्युरेटरचं, म्हणजे शो रचणाऱ्याचं, खरं काम आहे असं मी मानते. तारखेच्या किंवा नावाच्या क्रमाने लावायचं असतं तर तुमची गरजच नव्हती. व्हिडिओच्या आवाजाचाही इथेच विचार करा: शांत चित्रांजवळ तो असेल तर हेडफोन द्या.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवा. खिळ्याची उंची अशी काढा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. ८० सेंटीमीटर उंच फ्रेम असेल, तार ६ खाली असेल आणि मध्य १४८ हवा असेल, तर १४८ + ४० − ६, म्हणजे १८२ला खिळा. स्पॉटलाइट उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर ठेवला की काचेवरची चकाकी कमी होते. कागदावरच्या कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड पुरे, आणि थेट ऊन तर अजिबात नको.

शो पावसाळ्यात असेल तर कागद हवेतली ओल पिऊन वळतो. म्हणून चित्र माउंटला, म्हणजे मागच्या जाड पुठ्ठ्याला, पूर्ण चिकटवू नका. वरच्या कडेलाच जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, स्टार्चच्या खळीने टांगा, म्हणजे त्याला हलायला जागा राहते. काच कागदाला टेकू देऊ नका. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीमागून हवा खेळती राहील.

पैशाचं लेखी ठेवा, मैत्री कितीही जुनी असो: किंमत, कमिशन, फ्रेमचा आणि टेम्पोचा खर्च, विमा, परतीची तारीख. चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट आपोआप विकला जात नाही, तेव्हा कॅटलॉगसाठी परवानगी कलाकाराकडूनच घ्या.

भिंतीवरचा मजकूर आधी मराठीत लिहा, आणि कलाक्षेत्राबाहेरच्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. वाचणारा जिथे अडखळेल ते वाक्य बदला.

कामं येताना प्रत्येकाचे पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढलेले असू द्या. परत देताना पॅकिंग कलाकारासमोर उघडा, फोटोंशी ताडून बघा आणि मगच पोचपावतीवर सही घ्या.