सांधा एका दिशेला, वजन दुसऱ्याच दिशेला : ताकदीच्या व्यायामातील या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एखाद्या जिममध्ये संध्याकाळी डोकावले, तर कोपरे बरगड्यांना चिकटवून आणि डंबेल हातात घेऊन हात आत-बाहेर फिरवणारा कोणी ना कोणी आरशासमोर दिसतोच. खांद्याच्या आतल्या लहान स्नायूंना बळकटी यावी, हा त्यामागील हेतू असतो. पण डंबेलचे वजन सरळ खाली ओढते आणि हात मात्र आडव्या पातळीत फिरतो, त्यामुळे त्या फिरण्याला अडवणारे काही उरत नाही. दमतो तो डंबेल नुसते तोलून धरणारा बायसेप्स. हाच व्यायाम कुशीवर झोपून, वरच्या हाताचे कोपर कमरेवरील घडी केलेल्या टॉवेलवर टेकवून करावा, म्हणजे वजन योग्य दिशेने अडवते. एक-दोन किलो पुरतात. उभ्यानेच करायचा असेल, तर कोपराच्या उंचीवर बांधलेला रबर बँड घ्यावा.

हाच हिशेब दोन्ही हातांत सारखी डंबेल घेऊन कमरेतून बाजूला वाकणाऱ्यांना लागू होतो. दोन्हीकडची वजने एकमेकांना बरीचशी तोलून धरतात, म्हणून वजन एकाच हातात घ्यावे.

बैठकीतून उठताना गुडघे आत येत असतील, तर दोष बहुधा गुडघ्याचा नसतो. गुडघा मुख्यतः वाकतो आणि सरळ होतो; आत वळते ती मांडी, आणि तीही खुब्याच्या सांध्यातून. आधी बिनवजनाच्या बैठका काढून पाहाव्यात. तेव्हा गुडघे पावलांच्या रेषेत राहत असतील, तर वजन कमी करावे, मग ते कितीही जिवावर आले तरी. तरीही आत येत असतील, तर टाचांखाली दोनेक सेंटिमीटर जाडीची फळी ठेवावी. तेवढ्याने फरक पडला, तर घोटा ताठर आहे असे समजून त्यावर काम करावे. गुडघा बोटांच्या पुढे गेला की सांध्याची वाट लागते, ही भीती मात्र अनाठायी आहे.

कमरेच्या मणक्यांना पुढे वाकणे जमते, पीळ मात्र फारच थोडा जमतो. वळण मुख्यतः छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून यावे लागते. पंचवटीतील बाजार समितीत गोणी उचलणाऱ्यानेही म्हणूनच वजन हातात असताना कमरेतून न वळता पावले वळवावीत.

डंबेल बाजूला उचलताना अंगठा खाली वळवण्याची सवयही सोडावी. अंगठा किंचित वर ठेवून हात नेमका बाजूला न नेता सुमारे तीस अंश पुढे घ्यावा, कारण खांद्याचे पाते स्वतःच तेवढे पुढे कललेले असते. तरीही खांद्यात टोचले, तर हात खांद्याच्या उंचीपर्यंत न नेता त्याआधीच थांबावे.