टूना-चीज सँडविच: तव्यावर, पंधरा मिनिटांत

आमच्या सांगलीत ताजा मासा म्हणजे कृष्णेचा, नाहीतर घाट चढून आलेला कोकणचा. डब्यातला टूना त्या मानानं नवा पाहुणा, पण तो कोकणातल्या कुप्प्याचा, गेदराचाच भाऊबंद. डबाबंद होतानाच तो पूर्ण शिजलेला असतो. आपण फक्त गरम करायचा. म्हणून पोरं क्लासवरून भुकेनं कासावीस होऊन आली की मी हेच करते.

दोन सँडविचला साधारण 185 ग्रॅमचा एक डबा पुरतो. शिवाय ब्रेडचे 4 स्लाइस, 2 चीज क्यूब, एक लहान कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, 2 मोठे चमचे चक्का, मिरपूड, अर्धं लिंबू आणि लोणी. डबा फुगलेला किंवा गंजलेला असेल तर घेऊच नका.

सगळ्यात महत्त्वाचं काम आधी: पाणी काढणं. डबा उघडून टूना गाळणीत ओता आणि चमच्यानं चांगला दाबा. मी पहिल्यांदा नुसतं वरचं पाणी ओतून दिलं होतं. उलटताना खालचा पाव मधोमध फाटला आणि सगळं सारण तव्यावर. तेलातला टूना असला तरी निथळायचाच, फक्त मग बाहेरून लोणी कमी लावा. कांदाही बारीक चिरून चिमूटभर मीठ लावून पाच मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. टोमॅटो, काकडी आत नकोच, हवी तर ताटात बाजूला घ्या.

आता टूना, कांदा, मिरची, कोथिंबीर, मिरपूड, लिंबू आणि चक्का काट्यानं हलकं कालवा. माशाचे तुकडे दिसले पाहिजेत, लगदा नको. चक्क्याऐवजी मेयोनीज चालतं, पण चक्क्याचा आंबटपणा मला माशाबरोबर जास्त आवडतो. आधी चव बघा आणि मगच मीठ घाला, कारण टूना आणि चीज दोन्ही खारट. मासा म्हटला की हळद लावायची हाताला सवय असते, सांगलीत तर विशेषच. पण इथे ती शिजायला वेळच मिळत नाही, कच्ची उग्र लागते. लहान मुलांसाठी मिरची वगळून तासगावचे पाच-सहा बेदाणे चिरून घाला. कांद्याबरोबर ती गोडी फार छान लागते.

चीज किसून घ्या, लवकर वितळतं. थोडं खालच्या स्लाइसवर, मग सारण, वर उरलेलं चीज आणि दुसरा स्लाइस. दोन्हीकडून चीज असलं की ते सारण धरून ठेवतं, खाताना सांडत नाही.

तवा तापवून गॅस अगदी मंद करा. स्लाइसना बाहेरून लोणी लावून सँडविच तव्यावर ठेवा, झाकण घाला, तीन मिनिटं हात लावू नका. गॅस मोठा केला तर पाव करपतो आणि आत चीज तसंच थंड राहतं. खालची बाजू सोनेरी झाली की उलथन्यानं उलटा. दुसऱ्या बाजूला झाकण घालू नका, वाफेनं वरचा कुरकुरीतपणा जातो. उतरवल्यावर मिनिटभर थांबून मग कापा, म्हणजे चीज बाहेर ओघळत नाही.

सारण उरलं तर टूनाच्याच डब्यात ठेवू नका. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. टूनात पारा असतो, म्हणून गरोदर बाईला आणि लहान मुलांना हे वरचेवर देऊ नका.

घरात कुणी माळकरी असेल, आमच्याकडे सासूबाई आहेत, तर टूनाच्या जागी कुस्करलेलं पनीर घालून त्यांचं सँडविच आधी भाजा. सुरी आणि उलथनं त्यांचं वेगळं. मग त्यांचं ताट वाढून झालं की टूनाचा डबा उघडा.