सीओईपीच हवं, पण कशासाठी? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी घरात करायचं काम

इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा निकाल लागला की आमच्या बार्शीत मुलांच्या तोंडी ठरलेली नावं असतात. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, तिथलंच आयसीटी, सांगलीचं वालचंद. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दर उन्हाळ्यात मुलं आईवडिलांना घेऊन ऑप्शन फॉर्मसाठी, म्हणजे कॉलेज आणि ब्रांचच्या पसंतीचा क्रम भरण्यासाठी येतात, तेव्हा मी पर्सेंटाइल नंतर विचारते. आधी विचारते, हेच कॉलेज का? "चांगलं आहे मॅडम," याच्या पुढे फारसं उत्तर येत नाही. हा लेख त्या "चांगलं आहे"मध्ये काय काय दडलंय ते उलगडून, त्याप्रमाणे फॉर्म कसा लावायचा याबद्दल आहे.

मोठ्या नावाच्या ओढीला काही जण सरळ दिखाऊपणा म्हणतात. "मूल हुशार असलं की कुठेही चमकतं" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय आणि ते मला अर्धंच पटतं. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच तयारीची, सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेली मुलं त्यांनी तपासली. त्यातली काही नामवंत कॉलेजात गेली, काही कमी नावाजलेल्या. पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही. पण गरीब घरच्या मुलांना मात्र नामवंत कॉलेजचा फायदा झाला होता. नंतरच्या अभ्यासात कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांबाबतही तेच दिसलं. तिथली व्यवस्था वेगळी आहे, मान्य. तरी मला यात माझ्या वर्गातली मुलं दिसतात. ज्याचा मामा पुण्यात कंपनीत मॅनेजर आहे त्याला ओळखी घरातच मिळतात. ज्याच्या घरात इंजिनियर हा शब्दच पहिल्यांदा येतोय, त्याला सीनियर, ओळखी, माहिती, बोलण्याची धिटाई हे सगळं कॉलेजातूनच मिळवायचं असतं. त्याच्यासाठी कॉलेजचं नाव ही चैन नव्हे, गरज आहे.

म्हणून पहिलं काम: कागद घ्या आणि कारणं लिहा. मुलाने वेगळी, आईवडिलांनी वेगळी, एकमेकांना न दाखवता. मागे एक टेम्पोचालक वडील आणि त्यांची मुलगी माझ्यासमोर बसून हे करत होते. वडिलांनी लिहिलं होतं, "पुण्यात आत्या आहे. सरकारी कॉलेज, फी कमी." मुलीने लिहिलं होतं, "तिथे सगळ्या माझ्यापेक्षा हुशार असतील. मला अशांच्यात बसायचंय." दोघांचं कॉलेज एकच होतं, कारणं पार वेगळी. वडील तो कागद बराच वेळ हातात धरून होते. मग म्हणाले, "हे मला कधी बोलली नाही ती." पुढे पर्यायांचा क्रम लावताना या दोन वाक्यांचा फार उपयोग झाला, कारण आत्या असलेल्या शहरातली सगळीच कॉलेजं वर टाकायची नाहीत हे वडिलांना आपोआप उमगलं.

"गावात मान मिळेल" हे कारण असेल तर तेही लिहा, लाजू नका. पोरगी सीओईपीला लागली, हे सांगताना बापाची मान ताठ होते आणि त्यात वाईट काही नाही. फक्त ते कारण कागदावर असू द्या, म्हणजे ते "प्लेसमेंट"च्या नावाखाली येणार नाही.

आता एकेक कारण पुराव्याला लावायचं.

नोकरीचं कारण सगळ्यात जास्त येतं आणि फसवणूकही इथेच सगळ्यात जास्त होते. बॅनरवरचं "सर्वोच्च पॅकेज" एका मुलाचं असतं. ते बघूच नका. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती भरतात आणि ती पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर असते. क्रमांकापेक्षा ही पीडीएफ मोलाची. तिच्यात यूजीच्या, म्हणजे पदवीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा तक्ता शोधा. ओळीने आकडे दिसतील: पहिल्या वर्षाला किती आले, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, उच्च शिक्षणाला किती गेले. समजा ६०० मुलं आली, ४८० वेळेत पास झाली, २५० जणांना नोकरी, ५० पुढच्या शिक्षणाला आणि मध्यक पगार ५ लाख. म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांना ५ लाख किंवा त्याहून कमी मिळाले, पास झालेल्यांपैकी १८० जणांचा हिशेब या दोन्ही रकान्यांत नाही, आणि १२० मुलं चार वर्षांत बाहेरच पडली नाहीत. हे तीन आकडे बॅनरवर कधीच नसतात. तीन वर्षांच्या पीडीएफ शेजारी ठेवून बघितल्या की कॉलेज चढतंय की उतरतंय ते कळतं. हे सगळं पूर्ण कॉलेजचं असतं, ब्रांचनिहाय नसतं. ब्रांचचं विचारायचं तर त्या ब्रांचच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनाच गाठा.

"हुशार मुलांच्यात बसायचंय" हे त्या मुलीचं कारण मला स्वतःला सगळ्यात भक्कम वाटतं. शेजारच्या बाकावरचा मुलगा रात्री काय करतो, यावर आपण काय करायचं ते ठरतं. याचा पुरावा म्हणजे सीईटी सेलच्या वेबसाइटवरची मागच्या वर्षीची कटऑफ यादी. ती वाचायला शिका. जी-ओपन-एस असं दिसलं तर जी म्हणजे जनरल, ओपन हा प्रवर्ग आणि एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. सुरुवातीला एल असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा. शेवटी एच असेल तर गृह विद्यापीठाची (बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत केली ते) आणि ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाची. त्याखाली मेरिट क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल असतं. जागा कुठे बंद झाली ते त्यावरून समजतं, म्हणजे साधारण कशा तयारीची मुलं सोबत असतील याचा अंदाज येतो. मुलींनी जी आणि एल अशा दोन्ही ओळी बघाव्यात. कित्येक जणी जी-ओपन बघूनच नाद सोडतात.

शिक्षकांचं कारण फार थोडी मुलं लिहितात. याचं मला वाईट वाटतं, कारण कॉलेजची नावं शिक्षकांनीच मोठी झाली आहेत. आयसीटी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालं, तेव्हा यूडीसीटी म्हणायचे. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले, मुंबईत अतिशय हलाखीत वाढलेले रघुनाथ माशेलकर तिथेच केमिकल इंजिनियर झाले आणि तिथेच प्रा. एम. एम. शर्मांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. शर्माही तिथलेच विद्यार्थी. एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे असं जे जातं, ते विकत घेता येत नाही. म्हणून एनआयआरएफच्या पीडीएफमधली शिक्षकांची यादीही उघडा. पदवी, अनुभव आणि रुजू झाल्याची तारीख तिथे असते. निम्म्याहून अधिक तारखा गेल्या एक-दोन वर्षांतल्या असतील, तर विचारा की आधीचे कुठे गेले.

फीचं गणित घरातल्या मोठ्यांनी करायचं. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते. मॅनेजमेंट कोट्यातून नावाजलेलं खासगी कॉलेज घेतलं तर ती गेली. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल, मेस आणि डेव्हलपमेंट फी मात्र त्यात धरू नका. याशिवाय ८ लाखांच्याच मर्यादेत टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागा असतात. त्यांचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-ब्रांचचा क्रमांक) वेगळा, शेवटी टी असलेला. कटऑफ बहुधा चढाच असतो, पण कोड न भरल्यामुळे जागा हुकली असं होऊ देऊ नका. जात वैधतेचा अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे आणि नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला ही कामं तहसीलला, निकालाची वाट न बघता टाकून द्या.

एवढं झालं की क्रम लावायचा. इथे एक भीती मनातून काढून टाका. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायातली संधी कमी होत नाही. यंत्रणा मेरिटप्रमाणे प्रत्येकाची यादी वरून खाली बघते आणि जो पहिला मिळण्यासारखा पर्याय असेल तो देते. त्यामुळे पर्सेंटाइल थोडं कमी असलं तरी मनातलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाका. उलटी बाजूही लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो आणि पुढच्या फेऱ्या बंद. नंतरच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, कुणाच्या तोंडून ऐकू नका.

मोठ्या कॉलेजात नको असलेली ब्रांच की साध्या कॉलेजात हवी असलेली, हा वाद दरवर्षी माझ्या टेबलावर होतो. सीओईपीला मेटलर्जी, व्हीजेटीआयला टेक्स्टाइल, ही नावं मुलं केवळ कॉलेजसाठी लिहितात. माझं म्हणणं असं: त्या ब्रांचच्या तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघडा आणि मुलाला अर्धा तास एकट्याला वाचू द्या. वाचून "बघू तरी" म्हणाला तर टाका, कारण धातूशास्त्र हा सुंदर विषय आहे आणि सोबतही चांगली मिळेल. चेहरा पडला तर टाकू नका. "पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलून घेऊ" या भरवशावर तर मुळीच नको. त्या जागा मोजक्या आणि चुरस वर्गातल्या पहिल्या मुलांशी.

आणि यादीतलं एकही मोठं नाव लागलं नाही तर? तर कारणांचा कागद परत काढा. त्यातली दोन-तीन कारणं दुसऱ्या, कमी गाजलेल्या कॉलेजातही पुरी होतात. नांदेडचं एसजीजीएस घ्या. १९८१ चं, राज्य सरकारच्या अनुदानावरचं. आमच्याकडची मुलं त्याच्याकडे पुण्याबाहेरचं म्हणून उगाच दुर्लक्ष करतात. नावाचा दरवाजाही कायमचा बंद होत नसतो. चार वर्षांनी गेट ही परीक्षा देऊन आयआयटीत एमटेकला जाता येतं आणि तिथे बारावीचं पर्सेंटाइल कुणी विचारत नाही.

फॉर्म लॉक करण्याआधी यादी छापून घ्या आणि मुलाने स्वतः प्रत्येक ओळीवर बोट ठेवून म्हणायचं, "हेच लागलं तर जाईन." जिथे आवाज अडखळेल ती ओळ खाली सरकवा किंवा खोडा. फॉर्म कॅफेत भरला तरी पासवर्ड आणि ओटीपी आपल्याच मोबाइलवर ठेवा, लॉक स्वतःच्या हाताने करा आणि लॉक झालेल्या फॉर्मची प्रत तिथेच काढून चॉइस कोड आपल्या कागदाशी ताडून बघा. मधल्या एका आकड्याने ब्रांच बदलते.