उपरोधाची नोट आणि मेळाव्याचे कूपन कसे आखावे

गणेशोत्सवातला उपरोधिक देखावा असो किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या गृहसंकुलाचा आनंदमेळावा असो, स्वतःची ‘नोट’ छापण्याची कल्पना ठाण्यात कुठे ना कुठे निघतेच. बहुतेक वेळा एखादा उत्साही कार्यकर्ता पाचशेच्या नोटेचे चित्र संगणकावर उतरवून घेतो, गांधीजींच्या जागी दुसरा चेहरा बसवतो आणि फाइल थेट छापखान्यात पाठवतो. हा मार्ग कायद्याच्या दृष्टीने धोक्याचा आहेच, पण कलेच्या दृष्टीनेही तो दरिद्री आहे, कारण त्यात फक्त चेहरा बदलतो आणि नोटेवरचे वचन जसेच्या तसे राहते. नोटेची मांडणी जरूर घ्यावी, तिचे रूप मात्र घेऊ नये. पुढचे सगळे मार्गदर्शन याच एका सूत्रावर उभे आहे.

आधी कायदा समजून घ्यावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ प्रमाणे चलनी नोटेसारखा कोणत्याही प्रकारे दिसणारा किंवा फसगत होईल इतके साम्य असलेला कागद तयार करणे किंवा वापरणे हा गुन्हा असून त्यास ३०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अशा कागदावर ज्याचे नाव असेल त्याने छापणाऱ्याचे नाव-पत्ता सांगण्यास सबळ कारणाशिवाय नकार दिल्यास ६०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम किरकोळ वाटते म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये; फसवण्याचा हेतू दिसला, तर प्रकरण बनावट नोटांच्या कलम १७८ खाली जाते आणि तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ मधील कलम ३१ वेगळ्याच गोष्टीला हात घालते: ‘धारकास मागताच अमुक रुपये देऊ’ अशी वचनचिठ्ठी काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याशिवाय इतरांना नाही. त्यामुळे कूपनावर अशा अर्थाचे वाक्य गंमत म्हणूनही छापू नये. जे. एस. जी. बॉग्ज या अमेरिकन चित्रकारावर त्याने हाताने काढलेल्या ब्रिटिश नोटांमुळे लंडनमध्ये खटला झाला आणि १९८७ मध्ये तो निर्दोष सुटला, हे खरे; पण तो निकाल तिथल्या ज्यूरीचा आहे, तो इथे आपल्या उपयोगी पडणार नाही.

कायद्यानंतर खरी नोट वाचायला घ्यावी. सध्याची जांभळट शंभराची नोट टेबलावर ठेवून भिंग घ्यावे. तिची लांबी १४२ आणि रुंदी ६६ मिलिमीटर आहे. पुढच्या बाजूला मधोमध चेहरा, त्याच्या उजवीकडे हमीचे वाक्य, वचनाचे वाक्य व गव्हर्नरांची सही, अगदी उजवीकडे अशोकस्तंभ, आणि दोन कोपऱ्यांत लहानापासून मोठे होत जाणारे अंक असलेला क्रमांक दिसतो. मागे गुजरातमधल्या पाटण येथील ‘राणी की वाव’ ही पायऱ्यांची विहीर आणि १५ भाषांची पट्टी आहे. यातल्या प्रत्येक घटकाला स्वतःचे काम आहे. कोण वचन देतो, कोणाला देतो, किती देतो आणि हे त्याच्या अधिकारात आहे हे कशावरून, एवढ्या प्रश्नांची उत्तरे तो छोटा कागद देतो. उपरोध करायचा तो या उत्तरांपैकी एकात करावा. सगळीकडे केला तर काहीच वाचले जात नाही.

मोठ्या कलावंतांनी हेच केले आहे. इंग्लंडमध्ये खोटी एक पौंडाची नोट खपवल्याबद्दल गरीब माणसांना फाशी दिली जात होती, तेव्हा १८१९ मध्ये जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराने एक नोट कोरली. तिच्यात फासावर लटकलेल्या माणसांची रांग आहे, पौंडाचे चिन्ह दोराने बनलेले आहे आणि सहीच्या जागी जल्लादाचे नाव आहे. सही बदलल्याबरोबर त्या नोटेचे वचनच पालटते, आणि म्हणूनच ती आजही अंगावर येते. ब्राझीलच्या सिल्दो मेइरेलेस यांनी १९७४ ते १९७८ या काळात शून्य क्रुझेरोची (क्रुझेरो हे तिथले तेव्हाचे चलन) नोट केली आणि मान्यवरांच्या जागी एक आदिवासी व एक मनोरुग्ण असे दोन चेहरे ठेवले. आपल्याकडे ‘फिफ्थ पिलर’ या तमिळनाडूतील संस्थेने २००७ पासून शून्य रुपयाची नोट वाटली. लाच मागणाऱ्याच्या हातात ती ठेवायची, आणि वचनाच्या जागी लाच देणार नाही व घेणार नाही अशी प्रतिज्ञा. माझ्या मते भारतात झालेली ही सर्वांत नेमकी रचना आहे, कारण ती भिंतीवर टांगण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे.

आता ठाण्याचा एक विषय घेऊन पाहू. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या या गावात उन्हाळ्यात अनेक संकुले टँकरचे पाणी विकत घेतात. तेव्हा ‘एक टँकर’ मूल्याची नोट करावी. मूल्याच्या जागी ‘१०,००० लिटर’, मागच्या चित्रात मासुंदा तलाव, जलचिन्हाच्या रिकाम्या जागेत फिकट रेषांत एक बादली, क्रमांकाच्या जागी टँकर सांगितल्याची तारीख. भाषांच्या पट्टीत ‘पाणी कधी येणार?’ हा प्रश्न त्या इमारतीत बोलल्या जाणाऱ्या भाषांत लिहावा, आणि तो त्या त्या घरातल्या माणसाच्या हातून लिहून घ्यावा. यंत्राने केलेले भाषांतर लगेच उघडे पडते. उपरोधाचे वाक्य एकच असावे, वचनाचे, आणि ते कोणा व्यक्तीचे नाव न घेता लिहावे.

आकार ठरवताना ए-४ कागदाचे तीन आडवे भाग करावेत. प्रत्येक नोट २१० बाय ९९ मिलिमीटरची होते, दोनच काप लागतात, आणि चलनातल्या कोणत्याही नोटेपेक्षा ती इतकी मोठी असते की गोंधळाला वाव राहत नाही. छपाई एकाच बाजूने करून मागच्या बाजूचे चित्र वेगळ्या पट्टीवर घेतले, तर आणखी उत्तम. नोटेला नोटपण येते ते वेटोळ्या रेषांच्या जाळीमुळे. इंकस्केप या मोफत प्रणालीत स्पायरोग्राफची, म्हणजे वर्तुळात वर्तुळ फिरवून नक्षी काढण्याची सोय आहे, तिने अशी जाळी तयार होते. रेषा फार बारीक ठेवल्या तर साध्या लेझर प्रिंटरवर त्या तुटतात, म्हणून एक नमुना छापून मगच जाडी कायम करावी. रंग दोनच घ्यावेत. अशोकस्तंभ, रिझर्व्ह बँकेचे चिन्ह आणि गांधीजींचे चित्र वापरू नये, आणि मंडळाचे नाव ठळक छापावे.

मेळाव्याचे कूपन ही वेगळी गोष्ट आहे. तिथे विनोदापेक्षा हिशेब महत्त्वाचा. खासगी बँकांच्या नोटा या देशाला नव्या नाहीत. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये स्थापन झाली आणि तिच्याही नोटा चालत. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो अधिकार सरकारकडे गेला. ऑस्ट्रियातील व्योर्गल गावाने १९३२ मध्ये मंदीत स्वतःच्या चिठ्ठ्या काढल्या, दर महिन्याला मूल्याच्या एक टक्क्याचे तिकीट लावल्याशिवाय त्या चालत नसत, म्हणून लोक त्या साठवून न ठेवता खर्च करत. पुढच्याच वर्षी मध्यवर्ती बँकेच्या विरोधामुळे त्या बंद पडल्या. आपल्या कूपनाची मुदत एका संध्याकाळची असली तरी तिच्यामागचे कारण तेच आहे.

कूपन १०५ बाय ७४ मिलिमीटरचे करावे, म्हणजे एका ए-४ तावात आठ बसतात. मूल्ये १०, २० आणि ५० पुरेत, पण दहाची कूपने सर्वांत जास्त छापावीत, नाहीतर वडापावच्या स्टॉलवर सुट्ट्यांचा घोळ होतो. प्रत्येक मूल्यासाठी मुळातच रंगीत असलेला वेगळा कागद घ्यावा. पांढऱ्या कागदावर छापलेल्या रंगाची झेरॉक्स सहज निघते. छापखान्यात नंबरिंग आणि परफोरेशन सांगावे, आणि संस्थेचा शिक्का कूपन व स्थळप्रत (पुस्तकातच राहणारा तुकडा) यांच्या जोडावर अर्धा-अर्धा पडेल असा मारावा, म्हणजे शंका आली तर दोन्ही तुकडे जुळवून पाहता येतात. दिनांक, जागा, ‘याच मेळाव्यात ग्राह्य’ हे शब्द, आणि उरलेल्या कूपनांचे काय होणार याबद्दल समितीने ठरवलेला नियम कूपनावरच असावा. कोणत्या काउंटरला कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतची पुस्तके दिली, हे वहीत सहीसह लिहावे. रात्री स्टॉलधारकांकडून आलेली कूपने मोजून झाली की त्यांच्यासमोरच पंचने भोके पाडावीत, आणि न विकलेली पुस्तके त्याच रात्री फाडून तसा शेरा वहीत नोंदवावा.