इंजिनिअरिंगची शाखा निवडताय? या चुका टाळा

सीईटीचा पर्सेंटाइल कळला की अख्खं घर कट-ऑफच्या यादीवर तुटून पडतं. पुण्यात पीआयसीटी कॉलेज मिळेल का, व्हीआयटीला कॉम्प्युटर नाही तर एआय तरी? पण पुढची चार वर्षं वर्गात बसून शिकायचं काय, ते उघडून बघणारा क्वचितच भेटतो. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

शाखेच्या नावावर जाणं

पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच असतं. खरी शाखा सुरू होते तिसऱ्या सेमिस्टरला. म्हणून पुणे विद्यापीठाच्या किंवा त्या स्वायत्त कॉलेजच्या साइटवरून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस उतरवून घ्या आणि मुलाला एकट्याला वाचू द्या. काका-मामांनी त्या वेळी चहा घ्यावा.

गणित नको म्हणून कॉम्प्युटर घेणारे दरवर्षी भेटतात. तिथे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स वाट बघत असतं, आणि एआय-डेटा सायन्सला तर लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स यांच्याशिवाय पान हलत नाही. कॉम्प्युटर हुकलं म्हणून ‘त्याच्याच जवळचं’ समजून ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घेणाऱ्यांना सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स घाम फोडतात. ज्यांना ते विषय भावतात, त्यांना मात्र चिप डिझाइन आणि एम्बेडेडची, म्हणजे यंत्रात बसवलेल्या सॉफ्टवेअरची, दारं उघडतात. कॉम्प्युटर की आयटी या वादात फार वेळ घालवू नका. विषय बरेचसे तेच आहेत.

मेकॅनिकल संपलं, असं पुण्यात बसून म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं. चाकण, रांजणगाव, पिंपरी-भोसरीचे कारखाने, शिवाय वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था, हे सगळं इथेच आहे. मात्र गाडीत आता सेन्सर, बॅटरी आणि सॉफ्टवेअर आलंय, त्यामुळे ‘कोडिंग नको म्हणून मेकॅनिकल’ हे कारणही जुनं झालं. सिव्हिलला मेट्रोपासून एमपीएससीपर्यंत वाटा आहेत, खडकवासल्याला १९१६ पासूनची जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. पण साइटवरचं ऊन चालणार आहे का, हे आधी स्वतःला विचारा. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग विद्यापीठात मेटलर्जीही (धातुशास्त्र) शिकवतात. यादी चाळताना तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि फोर्जिंग-कास्टिंगच्या या गावात ते मला नवलाचं वाटतं.

ऑप्शन फॉर्म कट-ऑफच्या क्रमाने भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कॉलेज-शाखांची पसंती ऑप्शन फॉर्ममध्ये क्रमाने लिहायची असते. गेल्या वर्षीच्या कट-ऑफनुसार ‘मिळेल ते’ वर ठेवलं आणि ‘आवडतं पण अवघड’ खाली, की आवडतं हातचं गेलंच म्हणा. प्रवेशाची यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि मेरिटमध्ये बसणारा पहिला पर्याय देते. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्या पर्यायाचा हक्क कमी होत नाही. त्यामुळे क्रम आवडीचाच हवा.

पण इथे एक मेख आहे. २०२५-२६ च्या नियमांत प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर तो आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्का, होत असे आणि पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे ‘असू दे’ म्हणून वर टाकलेलं नावच गळ्यात पडू शकतं. नियम वर्षागणिक बदलतात. आपल्या वर्षाची सीईटी सेलची (प्रवेश राबवणाऱ्या सरकारी कक्षाची) माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय सबमिटचं बटण दाबू नका. क्लासवाल्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर तर मुळीच नाही.

कट-ऑफ वाचतानाही आपलीच ओळ बघा. होम युनिव्हर्सिटीची (बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत केली तिथली) आणि बाहेरची जागा वेगळी, मुलींची वेगळी, आरक्षणाची वेगळी. पुणे विद्यापीठाच्या हद्दीबाहेर, म्हणजे सोलापूर किंवा साताऱ्यात, बारावी केलेल्याने पुण्याच्या मुलाचा आकडा बघून आशा बांधू नये.

टीएफडब्ल्यूएस आणि दाखले विसरणं

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफीच्या या जागांचा विचार कराच. त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो. तोच टाकला नाही तर जागा मिळणार कशी? कट-ऑफ मात्र नेहमीच्या जागेपेक्षा चढा असतो, आणि नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच मार्गी लावा. नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले मात्र प्रवेशाच्या वर्षी चालतील अशा मुदतीचे हवेत. जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लावून वैधता हाती येत नाही.

‘हायेस्ट पॅकेज’वर भाळणं

माहितीपत्रकावरचा मोठा आकडा एखाद्याच मुलाचा असतो. विचारायचं असं: या शाखेतल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमात मधोमध असलेल्या मुलाला किती मिळाले? नॅक या गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, एनबीए या दुसऱ्या संस्थेची मान्यता शाखेनुसार, त्यामुळे तुमच्या शाखेची मान्यता चालू आहे का ते तपासा. गेटवर उभ्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी बोललात तर लॅबमधली यंत्रं चालतात की नुसती पुसून ठेवलीत, तेही कळेल.

मनाविरुद्धची शाखा पदरात पडली असेल तर

पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते, पण रिकामी जागा आणि गुण दोन्ही लागतात. त्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. त्यापेक्षा मायनर डिग्रीची, म्हणजे आपल्या पदवीसोबत दुसऱ्या विषयाच्या जोड-अभ्यासाची, सोय आहे का ते बघा: साधारण २० जादा क्रेडिट करून मेकॅनिकलचा मुलगाही डेटा सायन्सचा रीतसर अभ्यास करू शकतो. कोणत्या कॉलेजात कोणते मायनर खरोखर चालतात, हे फी भरण्याआधी विभागप्रमुखांना विचारून घ्या.